सामान्य दवाखान्यात परिचारिकेचे स्थान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत माझ्याआधी विद्वान वक्त्यांची भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीत एका कापड दुकानदाराला बसविण्याचे प्रयोजन काय, असे मी आपल्या चिटणीसांना विचारले. ते म्हणाले, ‘‘शेठजी, दवाखान्याचा जमाखर्च आपण पाहता. दवाखान्यात काय कमी आहे, ते आपणच सांगा.’’ मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझी चाळीस वर्षे मीटरपट्टी आणि कात्री यांच्या सहवासात गेली. वैद्यकशास्त्रात मला गती नाही, आणि आज जे वैद्यकीय तपशील मी मांडणार आहे ते डॉक्टरसाहेबांच्या नजरेखालून घालूनच येथे आणले आहेत. चिटणीसांच्या प्रश्नाचे माझे उत्तर मात्र एका शब्दाचे आहे : परिचारिका.

हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे मोठे रुग्णालय उभे राहते. शस्त्रक्रिया होऊन खाटेवर पडलेला रुग्ण, सलाईनची बाटली, रात्रपाळी. तेथे परिचारिकेवाचून पान हलत नाही, हे सर्वांनाच मान्य आहे. परंतु जेथे खाटा नाहीत, जेथे रुग्ण आपल्या पायांनी चालत येतो आणि दहा मिनिटांत औषध घेऊन आपल्याच पायांनी परत जातो, अशा सामान्य दवाखान्यात परिचारिकेचे काम ते काय, असा प्रश्न विश्वस्तांच्या बैठकीत विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. दर महिन्याला वेतन द्यावयाचे तर काम काय हे विचारलेच पाहिजे.

साठी ओलांडलेल्या मंडळींना जुना दवाखाना आठवत असेल. डॉक्टरांच्या खोलीशेजारी एक लाकडी खिडकी आणि त्या खिडकीत कंपाउंडर. तो खलात गोळ्या कुटून पुड्या बांधी, मिक्श्चर बाटलीत भरी आणि बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवी; एक खूण म्हणजे एक डोस. स्टोव्हवरील भांड्यात काचेची सिरिंज आणि सुया उकळत असत. पुढे गोळ्या कारखान्यातूनच पाकीटबंद येऊ लागल्या, काचेच्या सिरिंजची जागा एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकच्या सिरिंजने घेतली आणि कंपाउंडरचे मूळ काम संपले. काम संपले तरी खुर्ची राहिली. त्या खुर्चीवर कालांतराने जवळच्या वस्तीतील दहावी-बारावी झालेली एखादी मुलगी येऊन बसली. ती केसपेपर काढते, नंबर पुकारते, फोन घेते, इंजेक्शन भरते, जखम बांधते आणि दवाखाना बंद होताना फरशीही पुसते. अंगात पांढरा कोट असला की आपण तिला ‘सिस्टर’ म्हणतो. या मुलींविषयी माझ्या मनात यत्किंचितही अनादर नाही. त्यांतील अनेक जणी अत्यंत प्रामाणिक आहेत आणि अल्प वेतनात राबतात. परंतु त्यांना शिकविले कोणी? पाहून पाहून जे हाताला लागले तेच त्यांचे शिक्षण. त्यांनी घाईने काम होताना पाहिले असेल, तर त्या घाईच शिकल्या असतील.

प्रशिक्षित परिचारिकेची गोष्ट निराळी आहे. ए.एन.एम.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी.एन.एम.चा तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा असतो. शिक्षणानंतर राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा, आपल्या राज्याचा परिचारिका अधिनियम १९६६ चा, आणि २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदाही संमत केला. म्हणजे नियमांची वाण नाही. ट्रस्टचा ताळेबंद सनदी लेखापालाच्या सहीवाचून कोणी स्वीकारीत नाही. मात्र दंडात सुई टोचणाऱ्या हाताची नोंदणी आहे काय, हे विचारण्याचे आपल्यापैकी कोणालाही सुचत नाही, याचे मला नवल वाटते.

येथे थोडे विषयांतर करतो. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन स्थापन झाले आणि त्या संस्थेने स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाची वाट दाखविली. शंभराहून अधिक वर्षे लोटली. आपल्या समाजातील मुली आज डॉक्टर आहेत, सनदी लेखापाल आहेत, संगणक क्षेत्रात आहेत. परिचारिका किती आहेत, हे प्रत्येकाने आपल्या नात्यागोत्यात मोजून पाहावे. जे काम आपल्या घरातील मुलीने करू नये असे आपणांस वाटते, त्या कामाची किंमतही आपण कमीच धरतो. असो.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो, आणि माझ्या धंद्याशी ज्याचे नाते आहे त्या गोष्टीपासून, म्हणजे मापापासून, आरंभ करतो.

रक्तदाब मोजणे ही आपणांस अगदी किरकोळ बाब वाटते. पट्टा गुंडाळला, हवा भरली, आकडा आला. परंतु योग्य रीत अशी की रुग्णाने आधी पाच मिनिटे शांत बसले पाहिजे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नको. हात हृदयाच्या पातळीवर टेकविलेला असावा. अर्ध्या तासात चहा, कॉफी वा तंबाखूचे सेवन झालेले नसावे, लघवीची भावना नसावी, आणि मोजताना बोलू नये. पट्टा उघड्या दंडावर, दंडाच्या जाडीला साजेसा हवा. जाड दंडाला अपुरा पट्टा बांधला तर आकडा वास्तवापेक्षा अधिक येतो. मिनिट-दोन मिनिटांच्या अंतराने पुन्हा एकदा मोजावे लागते. आता आपल्या दवाखान्याचे दृश्य आठवा. रुग्ण जिना चढून येतो, बाकावर शेजाऱ्याशी बाजारभावाची चर्चा करतो, नंबर लागताच लगबगीने आत जातो आणि सदऱ्याची बाही वर सरकवून हात पुढे करतो. बाहीचा पिळा दंडाला आवळलेला असतो. त्या मापावर आयुष्यभराची गोळी सुरू होते, अथवा सुरू व्हावयाची राहून जाते. उभा राहून, कापड ताणून मोजणाऱ्या नोकराला मी दुकानात ठेवणार नाही.

डॉक्टरांनी हे सर्व स्वतः करावे म्हटले, तर एका रुग्णास दहा मिनिटे केवळ मापालाच लागतील. शिवाय मौज अशी की डॉक्टर समोर आले की पुष्कळांचा रक्तदाब आपोआप चढतो. इटलीतील मिलान शहरात याचा अभ्यास झाला आणि १९८७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. डॉक्टर माप घेताना रक्तदाब जितका वाढतो त्यापेक्षा परिचारिका माप घेताना पुष्कळ कमी वाढतो, असे त्यात आढळले. म्हणजे हे काम परिचारिकेने केल्यास डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि मापही खऱ्याच्या अधिक जवळ जाते.

मापाचे दुसरे उदाहरण इन्सुलिनचे. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिट या प्रमाणाचे असते, तर पेनमध्ये घालावयाच्या काड्यांतील इन्सुलिन १०० युनिटचे. दोहोंच्या सिरिंज निराळ्या. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल, १०० च्या सिरिंजचे नारिंगी. कोणी १०० प्रमाणाचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात. वार आणि मीटर यांच्या गोंधळात गिऱ्हाइकाचे तीन इंच कापड जाईल. या गोंधळात माणूस बेशुद्ध होऊ शकतो. ही गोष्ट डॉक्टर चिठ्ठीवर लिहीत बसत नाहीत. रुग्णाच्या हातात सिरिंज देऊन, त्याच्याकडून भरवून घेऊन, ‘‘आता मला दाखवा बरे’’ असे म्हणणारे कोणीतरी दवाखान्यात असावे लागते. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावयाची, बर्फाच्या कप्प्यात मुळीच ठेवावयाची नाही, हेही तिनेच सांगावयाचे. लसींचेही तसेच आहे. धनुर्वाताची किंवा हिपॅटायटिस-बी ची लस गोठली तर ती निकामी होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला कुपी पूर्वीसारखीच दिसते. दवाखान्याच्या फ्रिजमध्ये तापमापी लावून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवणे हे परिचारिकेचे काम. ज्या फ्रिजमध्ये लस आणि दुपारचा डबा शेजारी शेजारी असतात, तेथे हे काम कोणाचेच नसते.

सुईविषयी बोलताना मला संकोच वाटतो, परंतु बोलले पाहिजे. २००९ मध्ये गुजरातमधील साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा परिसरात, हिपॅटायटिस-बी या काविळीची मोठी साथ आली आणि कित्येक माणसे दगावली. वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्याचे तपासात पुढे आले. आपल्यापैकी अनेकांचे नातेसंबंध त्या भागाशी आहेत. तेव्हाची घबराट काहींना आठवत असेल. हे दुर्गम अरण्यात घडलेले नाही. दवाखान्यातील कचऱ्याचे नियम १९९८ पासून आहेत आणि २०१६ मध्ये ते नव्याने करण्यात आले. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सुईविना सिरिंज आणि नळ्या लाल पिशवीत, सुया व पाती न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खुणेच्या खोक्यात. एका डॉक्टरचा लहान दवाखानाही या नियमांतून सुटलेला नाही. हे रंग पाठ असणारी आणि सुई वापरताच ती कापणारी व्यक्ती रोज, प्रत्येक वेळी हजर हवी. तपासणी अधिकारी येणार म्हणून एक दिवस आणलेल्या चार रंगांच्या बादल्या मी पाहिलेल्या आहेत. त्या कोरड्या ठणठणीत होत्या.

आणखी एक काम आहे, ते कोणत्याही नियमपुस्तकात ठळक लिहिलेले नसते. बाकावर बसलेल्यांवर नजर ठेवणे. सत्तावीस नंबरचा रुग्ण घामाने भिजलेला आहे, डावा हात चोळतो आहे, पण भिडस्त स्वभावामुळे आपला नंबर येईपर्यंत गप्प बसला आहे. नंबर पुकारणाऱ्या मुलीच्या दृष्टीने तो सत्तावीस आहे. शिकलेल्या परिचारिकेच्या दृष्टीने तो पहिला आहे. ती रोगाचे निदान करीत नाही, औषध लिहून देत नाही. तो अधिकार डॉक्टरांचा आणि तो त्यांच्याकडेच राहिला पाहिजे. हल्ली काही ठिकाणी डॉक्टर आले नाहीत तर ‘सिस्टर’च गोळ्या देतात, हे सर्वथा अयोग्य आहे. कोणाला थांबवता येईल आणि कोणाला क्षणभरही थांबवता येणार नाही, एवढे ओळखणे हे तिचे शास्त्र.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरोखर हा विषय निवडला तिच्याकडे येतो.

माझ्या थोरल्या बंधूंना रक्तदाबाचा विकार होता. एका अनुभवी डॉक्टरांचे औषध सुरू होते. औषध लागू पडले, डोके दुखणे थांबले, आणि बरे वाटते म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे असे त्यांना वाटले नाही. आठ महिन्यांनी एका सकाळी दुकानाचे कुलूप उघडताना त्यांचा उजवा हात खाली पडला आणि जीभ जड झाली. पुढची सहा वर्षे त्यांनी खुर्चीत काढली. मी त्या दवाखान्यात गेलो होतो. केसपेपर पेटीत व्यवस्थित लावलेला होता. त्यावर शेवटच्या भेटीची तारीख होती आणि ‘एक महिन्याने येणे’ असा शेराही होता. डॉक्टरांच्या सल्ल्यात काहीही उणे नव्हते. फक्त तो महिना उलटून गेल्यावर त्या पेटीकडे पाहणारे कोणी नव्हते.

आपण सारे व्यापारी आहोत. आपल्या दुकानात उधारीची वही असते. अमुक गिऱ्हाईक दोन महिने आले नाही, हे आपल्या मुनिमाला तोंडपाठ असते. तो फोन करतो, माणूस पाठवितो, दिवाळीला आठवण देतो. चारशे रुपयांच्या बाकीसाठी एवढी यंत्रणा आपण पोसतो. मग महिनाभराच्या गोळ्या घेऊन गेलेला रुग्ण तिसऱ्या महिन्यातही परतला नाही, याची वही कोण ठेवणार? डॉक्टर जो समोर येतो त्याला पाहतात. जो आलाच नाही त्याला ते कसे पाहणार? रक्तदाब, मधुमेह, क्षय या तिन्ही विकारांत घात होतो तो बरे वाटू लागल्यावर. क्षयाचे औषध साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते आणि दुसऱ्या महिन्यातच खोकला थांबतो. अशा वेळी घरी फोन करून ‘‘काका, या आठवड्यात आपण आला नाहीत’’ असे म्हणणारा आवाज हाच उपचाराचा मोठा भाग ठरतो.

ही माझी कल्पनेची भरारी नव्हे. २०१७ च्या अखेरीस आपल्या देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम केंद्र शासन, राज्य शासने, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने सुरू झाला. महाराष्ट्रात आरंभी भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्यासाठी निवडले गेले. त्यात नवे अद्भुत औषध काही नव्हते. ठरलेल्या क्रमाने साधी स्वस्त औषधे, ती अखंड मिळण्याची व्यवस्था, प्रत्येक रुग्णाची नोंद, परिचारिकेने माप घेणे आणि न आलेल्यांची यादी काढून त्यांना बोलावणे. सरकारी आरोग्य केंद्रात जे होऊ शकते ते सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेत होऊ नये, असे कोण म्हणेल?

इंग्लंडमध्ये कुटुंबाच्या डॉक्टरकडे ‘प्रॅक्टिस नर्स’ असते, हे तिकडे लेकी-सुना असलेल्या मंडळींना ठाऊक आहे. लसीकरण, मधुमेहाची नियमित तपासणी, दम्याच्या रुग्णाला पंप ओढावयास शिकविणे, स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी, ही कामे बहुतांशी तीच करते. डॉक्टरांची गाठ पडेलच असे नाही. ही पद्धत तेथे रुजली कशी, हे पाहताना हिशेबनीस म्हणून मला एक गोष्ट लक्षणीय वाटली. १९६६ च्या नव्या व्यवस्थेत डॉक्टरने ठेवलेल्या परिचारिकेच्या व इतर मदतनिसांच्या वेतनाचा ७० टक्के भाग शासन परत देऊ लागले. त्याआधीही परिचर्येची थोरवी सर्वांना मान्य होतीच, पण त्या मान्यतेने एकही खुर्ची भरली जात नव्हती. वेतनाची सोय झाल्यावर खुर्च्या भरू लागल्या.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा उल्लेख केल्याशिवाय या विषयावरील भाषण पूर्ण होत नाही असा प्रघात आहे. त्यांच्या हातातील दिव्याबद्दल सर्व जण बोलतात. मला त्यांच्या वहीबद्दल आदर आहे. सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मरतात, हे त्यांनी आकडे मांडून सिद्ध केले, आणि लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या. करुणा आणि हिशेब यांचे वैर आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या कामाला एक विशेष बाजू आहे. डॉक्टर चिठ्ठीवर ‘रात्री जेवणानंतर एक’ असे लिहितात. आपल्याकडील अनेक ज्येष्ठांचा चौविहार असतो. सूर्यास्तापूर्वी भोजन, त्यानंतर पाणीही नाही. रात्री नऊची गोळी घ्यावयाची कशी? बहुतेक जण ती सोडून देतात आणि डॉक्टरांपुढे ‘औषध चालू आहे’ असे सांगतात; त्यात खोटे बोलण्याचा हेतू नसतो, संकोच असतो. डॉक्टरांना वाटते की औषध लागू पडत नाही, ते मात्रा वाढवितात. परिचारिकेने केसपेपर भरताना ‘‘आपण रात्री जेवता की चौविहार असतो?’’ एवढे विचारले, तर डॉक्टर गोळीची वेळ बदलून देऊ शकतात.

पर्युषणात तर हा प्रश्न अधिक गंभीर होतो. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांमुळे उपवासात रक्तातील साखर एकाएकी उतरते. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, घाबरे होणे, बोलण्यात असंबद्धपणा ही लक्षणे दिसू लागतात. आणि तपाचा थकवा समजून घरचे लोक त्यांना निजवून ठेवतात. उपवास करावा की न करावा, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही, परिचारिकेचाही नाही. परंतु पर्युषणापूर्वी पंधरा दिवस मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला फोन करून ‘‘यंदा काय संकल्प आहे? एकदा डॉक्टरांना भेटून जा’’ असे सांगणे तिला शक्य आहे. अठ्ठाईची पत्रिका छापण्यापूर्वी ही भेट झालेली बरी.

पायांचेही तेच. दीर्घकाळ मधुमेह असला की तळव्याची संवेदना जाते. आपण मंदिरात अनवाणी जातो, उन्हात तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालतो, शत्रुंजयाच्या पायऱ्या अनवाणी चढतो. फोड येतो आणि कळत नाही, कारण दुखत नाही. रुग्णाचे मोजे उतरवून दोन्ही तळवे उजेडात पाहणे आणि नायलॉनच्या बारीक तंतूने स्पर्श कळतो का ते तपासणे, याला पाच मिनिटे लागतात. डॉक्टरांसमोर पाय पुढे करणे आपल्या वयस्क माणसांना अवघड वाटते. परिचारिकेशी ते बोलतात. स्त्रियांच्या बाबतीत हे शतपटीने खरे आहे. विहार करून आलेल्या साध्वीजींच्या पायांना जखमा असतात. पुरुषाच्या स्पर्शाचा त्यांना निषेध आहे. शिकलेली परिचारिका नसेल तर घरातील बहिणी हळदीवर भागवितात, आणि ती जखम पुढच्या गावी तशीच जाते.

आता वेतनाविषयी. सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून रक्ततपासणीचे स्वयंचलित यंत्र घ्यावे, असा एक प्रस्ताव आहे. यंत्र उत्तम आहे. त्यावर दात्याचे नाव कोरता येते, उद्घाटन करता येते, छायाचित्र या स्मरणिकेत छापता येते. परिचारिकेच्या वेतनावर कोणाचे नाव कोरणार? माझा यंत्राला विरोध नाही, पण आपल्याकडे अशी दोन यंत्रे झाकून ठेवलेली आहेत, आणि ती का झाकली गेली हे जमाखर्च पाहणाऱ्याला ठाऊक आहे. चालविणारे माणूस गेले, नव्या माणसासाठी तरतूद नव्हती.

‘‘सेवाभावी परिचारिका शोधा, पाच-सहा हजारांत येईल,’’ असेही सुचविले गेले. वैयावच्चाला आपल्या परंपरेत अभ्यंतर तपाचे स्थान आहे. परंतु तप आपण करावयाचे असते. दुसऱ्याच्या पगारातून कापून घ्यावयाचे नसते. जी मुलगी तीन वर्षे शिकली, जिच्यावर आपण रुग्णाचा जीव सोपवितो, तिला आपल्या दुकानातील कसलेल्या विक्रेत्यापेक्षा कमी वेतन देऊन आपण कोणत्या तोंडाने सेवा हा शब्द उच्चारणार? अशी मुलगी सहा महिन्यांत सोडून जाईल आणि तिच्यासोबत सर्व रुग्णांची ओळखही जाईल. या कामात ओळख हेच भांडवल आहे.

मी एक अंदाज मांडला आहे. आकडा केवळ हिशेब समजावा म्हणून. समजा मासिक वेतन २५,००० रुपये, वर्षाचे ३,००,०००. दिवाळीचा एक पगार आणि गणवेश, दूरध्वनी, कागद मिळून आणखी ३०,०००. एकूण ३,३०,०००. व्याज साडेसहा टक्के धरले तर यासाठी सुमारे ५१ लाखांचा कायम निधी लागेल. एवढी रक्कम एकदम उभी राहणे कठीण. परंतु याच ३,३०,००० ला वर्षाच्या ३६५ दिवसांनी भागा. दिवसाला ९०४ रुपये पडतात. आपण भोजनशाळेच्या तिथी लिहितो, आयंबिलाच्या तिथी लिहितो. दवाखान्याच्या परिचारिकेची तिथी का लिहू नये? वडिलांच्या पुण्यतिथीला, मुलाच्या वाढदिवसाला एका दिवसाचे वेतन. ३६५ घरे आपल्या गावात आणि परगावी गेलेल्या आपल्या कुटुंबांत निश्चित आहेत.

नेमणूक करताना तीन गोष्टी विश्वस्तांनी पाहाव्यात अशी विनंती आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र प्रत्यक्ष पाहावे आणि त्याची मुदत वाचावी. तिला पडदा नव्हे, दार असलेली खोली द्यावी. औषधसाठ्याची मागची खोली त्यासाठी रिकामी होऊ शकते. आणि नंबर पुकारणे, पावत्या फाडणे, फरशी पुसणे ही कामे तिच्यावर टाकू नयेत. आज जी मुलगी ती कामे करते तिलाही काढू नये. उलट तिची इच्छा असेल तर ए.एन.एम.च्या शिक्षणाचे शुल्क ट्रस्टने द्यावे, असे मी सुचवीन. तिचे गणित चांगले आहे, हे मी पावत्यांवरून सांगू शकतो.

डॉक्टरसाहेबांनी आपल्याकडील जुन्या केसपेपरांतून रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांची यादी करावयास घेतली आहे. परवापर्यंत २१४ नावे झाली होती, आणि त्यांपैकी ८९ जण गेल्या तीन महिन्यांत आलेले नाहीत. त्यांतील काही जण या सभागृहातही बसलेले असतील. तिथीची वही आजपासून कार्यालयात ठेवली आहे; सकाळी दहा ते एक या वेळेत नाव नोंदविता येईल.